संध्याकाळची उंची

उंची मोजताना मुली टाचा उचलतात. फार नाही, खालून कागदाची पट्टी जाईल एवढ्याच. म्हणून मोजण्याआधी मी वाकून टाचांखाली पट्टी सरकवून बघते. त्या सकाळी करुणा मडावीच्या टाचांखाली पट्टी गेली नाही. टाचा फरशीला घट्ट टेकल्या होत्या. पण वाकलेच होते, म्हणून माझी नजर तिच्या गुडघ्यांवर गेली. ताठ उभ्या राहिलेल्या माणसाच्या गुडघ्याची वाटी वर ओढलेली असते. हिच्या दोन्ही वाट्या सैल होत्या. लांबून पाय सरळ दिसत होते, पण गुडघे किंचित वाकवलेले होते.

मी वर बघितलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती, मी शिकवलं होतं तशी.

"करुणा, गुडघे ताठ कर."

"ताठच आहेत जी."

"नाहीत."

तिने गुडघे ताठ केले. मी लाकडी पट्टी खाली सरकवून तिच्या डोक्यावर टेकवली, श्वास घ्यायला सांगितला आणि आकडा वाचला. एकशे चौऱ्याऐंशी पूर्णांक एक.

"किती, मॅडम?"

मी आकडा सांगितला. उंची ऐकून बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीचा चेहरा उतरतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या वर्षी महिलांची एक नवी लीग सुरू होत होती. नागपूरचा संघ भोयर साहेबांनी घेतला होता. हिंगण्याच्या एमआयडीसीत त्यांची रोलिंग मिल होती, लोखंडी सळया तयार करायची. मिलच्या आवारातच त्यांनी पत्र्याचं छप्पर टाकून कोर्ट बांधलं होतं. मी संघाची फिजिओथेरपिस्ट होते. काही जण मला डॉक्टर म्हणत. सुरुवातीला मी ते दुरुस्त करत असे, नंतर सोडून दिलं.

उंच मुली या खेळाकडे वळाव्यात म्हणून लीगने एक नियम केला होता. एकशे त्र्याऐंशी सेंटिमीटर किंवा त्याहून उंच मुलगी संघात घेतली, तर तिला वरच्या श्रेणीचं मानधन द्यायचं. ते साध्या श्रेणीच्या जवळजवळ तिप्पट होतं. उंचीचा दाखला ज्या त्या संघाच्या वैद्यकीय माणसाने द्यायचा, म्हणजे आमच्याकडे मी.

आमच्याकडे एवढ्या उंच तिघी होत्या. कॅप्टन निलोफर शेख, नागपूरचीच, एकतीस वर्षांची. केरळहून आणलेली शीजा. आणि करुणा, अहेरीजवळच्या एका गावातली, एकोणीस वर्षांची.

भोयर साहेबांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, "वरच्या श्रेणीच्या दोन. तिसरी नाही."

"साहेब, बाकीचे संघ चार चार घेऊन राहिले," ठवरे सर म्हणाले. ते आमचे प्रशिक्षक. पन्नाशी उलटलेले, कायम गळ्यात शिट्टी. "लीग बारा खेळाडू घ्या म्हणते. तुम्ही नऊच घेता. त्यात उंच दोनच ठेवल्या, तर एकीला फाउल झाले की बास्केटखाली उभं कोण राहणार?"

"ठवरे सर, मी सळई विकतो. बारा मीटरची मागितली की बारा मीटरची देतो. साडेबारा दिली तर वरचा अर्धा मीटर माझ्या खिशातला." साहेब हसले. मग हसू थांबवून त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "तिकडं पाहा. गेटवर."

गेटबाहेर झाडाखाली माणसं बसली होती. मिलची एक भट्टी दिवाळीपासून बंद होती.

"त्यांची पोरं संध्याकाळी जाळीतून तुमची प्रॅक्टिस पाहतात. पाहू द्या. मलाबी आवडते. पण उद्या पेपरात आलं की भोयरनं तीन मुलींवर एवढा पैसा लावला, तर मी त्या लोकांना काय तोंड दाखवू? लोखंडाला पैसा नाही आणि चेंडूला आहे, असं सांगू?"

सरांनी गेटकडे बघितलं.

"तिघींतली कोण नको, ते तुम्ही सांगा," साहेब म्हणाले. "तुमचा संघ. त्यात मी बोट घालणार नाही."

"बघतो," सर म्हणाले.

त्याला तीन आठवडे झाले होते. साहेब फोन करायचे, सर म्हणायचे, बघतो. मॅनेजर पराते विचारायचे, सर म्हणायचे, बघू. निलोफर नऊ वर्षांची असल्यापासून त्यांच्या हाताखाली खेळत होती. शीजाच्या घरी ते स्वतः गेले होते आणि तिच्या वडिलांना शब्द देऊन आले होते. करुणाला त्यांनी गडचिरोलीच्या एका शालेय सामन्यात हेरलं होतं. तेव्हा ती खांदे पाडून, मान खाली घालून खेळायची. गावात तिला सगळे बांबू म्हणत. घराच्या दारातून आत जाताना वाकायची सवय तिच्या अंगात इतकी मुरली होती, की आमच्या कोर्टच्या दहा फुटी दारातही ती वाकायची. ठवरे सर दर वेळी ओरडायचे, "ताठ! ताठ चाल! देवानं दिली ती लपवून कोणाला देतेस?"

आता सकाळच्या मापाचा आकडा ऐकून तेच सर म्हणाले, "एक सेंटिमीटर नं फक्त, डॉक्टर? दोन दिवस जेवण कमी केलं तर?"

"त्याने वजन कमी होईल, सर."

"हो. तेही खरंच."

पराते दारात उभे होते. बुटका, गोल माणूस, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी घसा साफ केला.

"मॅडम, माझा लहान भाऊ पोलीस भरतीला गेला होता. अर्धा सेंटिमीटर कमी पडे. तर आम्ही काय केलं, त्याला सकाळी उठूच नाही दिला. गादीसकट टेम्पोत टाकला आणि ग्राउंडच्या गेटपर्यंत झोपवूनच नेला. लघवीलासुद्धा नाही उतरू दिला बिचाऱ्याला. गेटवर उतरला, चार पावलं चालला, मापाखाली उभा. पास!"

सर हसले. "आपल्याला तर उलटं पाहिजे नं, पराते."

"मंग उलटंच करू. झोपू नाही द्यायचं."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले की पराते यांचं खरं आहे. मणक्यांच्या मधल्या चकत्यांमध्ये पाणी असतं. दिवसभर उभं राहून, चालून ते थोडं थोडं पिळून निघतं. आडवं झालं की परत भरायला लागतं. म्हणून माणूस सकाळी सगळ्यात उंच असतो आणि संध्याकाळी साधारण एक सेंटिमीटरने कमी.

"मंग संध्याकाळचं माप चालते का लीगला?"

मी नियम वाचले होते. वेळेचा उल्लेख कुठेच नव्हता.

"चालतं," मी म्हणाले. "दोन्ही मापं खरीच असतात."

सरांच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांत पहिल्यांदा थोडा उजेड दिसला. करुणा साध्या श्रेणीत बसली, तर कुणाचंच नाव घ्यावं लागणार नव्हतं.

त्याच दिवशी प्रॅक्टिसनंतर मी तिला पुन्हा मोजलं. एकशे त्र्याऐंशी पूर्णांक दोन. दोन मिलिमीटर जास्त.

"अजून कमी होते का जी?" करुणाने विचारलं.

"आपोआप एवढंच होतं."

"मला पैसे कमी चालतात, मॅडम. पैशाचं नाही. नऊ जणींत नाव पाहिजे."

ते मला ठाऊक होतं. रेल्वेत उंच खेळाडूची एक जागा निघाली होती आणि चाचणीला लीगमध्ये नोंद झालेल्या मुलींनाच बोलावणार होते. घरच्यांनी तिला एक वर्ष दिलं होतं. ते संपत आलं होतं. त्यानंतर गावी परत आणि आईच्या जागी अंगणवाडीत. तिथल्या खोलीचं दार किती उंच आहे, हे तिने मला एकदा हाताने दाखवलं होतं. तिच्या खांद्याच्या थोडं वर.

नावं पाठवायच्या शेवटच्या दिवशी साहेब स्वतः येणार होते. उंचीचं माप त्यांना समोर घेतलेलं हवं होतं. "उद्या कोणी बोट दाखवायला नको," असं त्यांनी कळवलं होतं.

मी सकाळी पोचले, तर कोर्टच्या कडेने करुणा चालत होती. खांद्यांवर सिमेंटचं जुनं पोतं आडवं घेतलेलं, आत वाळू, तोंड सुतळीने बांधलेलं. सर खुर्चीत बसून जमिनीकडे बघत होते. निलोफर बाकावर बुटांच्या नाड्या बांधत होती.

"हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"पराते भाऊंनी पोतं आणून दिलं," निलोफर म्हणाली. "चालायची आयडिया तिची. पहाटेपासून चालून राहिली. हॉस्टेलवर रात्री पलंगावर टेकलीसुद्धा नाही. भिंतीला टेकून उभी होती."

"सर, हे थांबवा. नुसतं उभं राहणं वेगळं. पाठीवर असं ओझं घेऊन..."

"दोन मिलिमीटर, डॉक्टर," सर म्हणाले. "आजचा दिवस फक्त."

निलोफर उठली. "सर, माझं नाव घ्या नं. मी काही रडणार नाही. एकतीस वर्षांची झाली मी, गुडघे वाजतात माझे. डॉक्टरांना विचारा."

"तू कॅप्टन आहेस."

"मंग शीजाचं घ्या."

"तिच्या बापाला शब्द दिला मी."

"म्हणजे वाळूच," निलोफर म्हणाली.

"निलू, तोंड सांभाळ."

"सांभाळूनच बोलून राहिली, सर. सगळ्यांना चांगलं दिसायचं आहे तुम्हाला. तुम्ही एक नाव घेत नाही म्हणून ती पोट्टी ओझं वाहून राहिली."

सर उठून बाहेर गेले. मी करुणाला थांबवलं आणि पोतं उतरवायला सांगितलं. तिने मान हलवून उतरवलं. माझ्याने ते दोन्ही हातांनी जेमतेम हललं. मी ते भिंतीशी सारलं आणि शीजाच्या घोट्याला पट्टी बांधायला आत गेले. परत आले, तेव्हा भिंतीशी पोतं नव्हतं. करुणाही नव्हती. मिलच्या बंद भट्टीमागे एक लांब, रिकामा बोळ होता. ती तिथे फेऱ्या मारत होती. या वेळी पोतं खाली ठेव म्हटल्यावर ती थांबली, पण खाली ठेवलं नाही. "मॅडम, तुम्ही पाहू नका," एवढंच म्हणाली.

मी सरांना शोधून तिकडे पाठवलं. ते गेले. काही वेळाने आले आणि म्हणाले की तिने ऐकलं. खरंच ऐकलं होतं का, हे मी पुन्हा जाऊन बघितलं नाही. मलाही ते दोन मिलिमीटर हवे होते.

दुपारी जेवणानंतर ती माझ्या खोलीत आली. मी टेबलाशी काही लिहीत होते. पावलांचा आवाज आला आणि त्यात काहीतरी चुकत होतं. एक पाऊल टेकल्याचा आवाज, मग एक आपटल्यासारखा. मी मान वर केली. दारात तिची उजवी चप्पल निसटून मागे राहिली होती आणि ती तशीच चालत आत आली होती. चप्पल मागे राहिली, हे तिला कळलं नव्हतं.

आज माझा स्वतःचा दवाखाना आहे. पेशंट आत येताना मी आधी चपलांकडे बघते. ही सवय त्या दुपारपासूनची.

"मॅडम, आता मोजून पाहा नं. किती झाली?"

"तुझी चप्पल कुठे आहे?"

तिने खाली बघितलं. मग मागे. "अरे," ती म्हणाली आणि हसली.

"टाचांवर चालून दाखव. बोटं वर उचलून."

डावी टाच नीट. उजव्या पायाची बोटं वर राहीनात, पाऊल खाली पडत होतं. मी तिला खुर्चीत बसायला सांगितलं. ती बसली नाही, टेबलाला धरून उभी राहिली. मी खाली बसले आणि तिच्या दोन्ही पायांचे अंगठे वर उचलायला सांगितले. डावा अंगठा माझ्या हाताला रेटून वर आला. उजवा अर्धा आला. मी त्याच्यावर एक बोट ठेवलं आणि तो खाली गेला. पावलाच्या वरच्या बाजूला मी कापूस फिरवला. डाव्या पायावर तिला तो कळला. उजव्या पायावर ती भिंतीकडे बघत राहिली, मी अजून सुरुवात करायची आहे असं समजून.

"दुखतंय कुठे?"

"नाही जी."

"करुणा."

"कमरेत चमकली होती. मघाशी. पोतं घेताना. मंग मांडीतून खाली गेली. आता दुखत नाही. आता तर काहीच नाही वाटत."

कमरेतली एक चकती सरकून शिरेवर बसली होती. तपासणी झाल्याशिवाय मी खात्रीने सांगू शकत नव्हते, पण मला शंका नव्हती. अशा वेळी पहिला उपाय सगळ्यात साधा असतो. मी तपासणीच्या टेबलावरची चादर सरळ केली आणि पायांखाली घ्यायला स्टूल ओढलं.

"ये. पाठीवर झोप. पाय या स्टुलावर ठेव."

ती जागची हलली नाही.

"अर्धा तास. पाठीला आराम पडला की शिरेवरचा दाब कमी होईल."

"नको जी."

"का?"

"झोपली तर वाढेल नं मी."

तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब होते.

"साहेब येऊन जाऊ दे. माप झालं की मंग झोपते. तुम्ही म्हणाल तितकी झोपते. चार दिवस उठत नाही."

तेव्हा मी आग्रह धरला नाही. तिला भिंतीला टेकून उभं राहू दिलं आणि सरांकडे गेले.

ते कोर्टवर एकटेच होते. मी सगळं सांगितलं. अंगठा, कापूस, चप्पल. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि न वाजवता काढली.

"बरी होईल का?"

"आता थांबली तर बहुतेक. आराम, व्यायाम, काही महिने. एमआरआय करायला हवा."

"आणि खेळली तर?"

"उडी मारून एकदा वाकडी उतरली तर पाय कायमचा जाऊ शकतो. लघवीवरचा ताबासुद्धा. सर, नोंद करू या, पण तिला बाकावर बसवा. दोन महिने."

"नऊ जणी आहेत, डॉक्टर." ते माझ्याकडे बघत नव्हते. "पहिला सामना रविवारी. निलूचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. नावात आली की करुणाला मी खेळवणारच. नाही म्हणेन, पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये दोघी दमल्या की खेळवीन. मी मला ओळखतो. बारा असत्या तर गोष्ट वेगळी होती."

"मग मला तिला अनफिट लिहावं लागेल."

आता ते वळले. "ते नका करू. हात जोडतो. लीगचे वैद्यकीय कागद रेल्वेवाले मागवणार. पुढच्या वर्षीही मागवतील आणि त्याच्या पुढच्याही. पाठ आणि शीर हे शब्द दिसले की फाइल बंद. एकोणीसची आहे ती. तुमचा एक शब्द जन्मभर तिच्यामागे फिरेल."

"मग काय करू?"

"बघू," ठवरे सर म्हणाले. आणि स्वतःचाच शब्द ऐकल्यासारखे गप्प झाले.

साहेब ठरलेल्या वेळेपेक्षा बऱ्याच उशिरा आले. त्या सगळ्या वेळात करुणा माझ्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती. मी दोनदा तिचा अंगठा तपासला. दुसऱ्या वेळी तो पहिल्यापेक्षा कमी उचलला. सर येऊन दारात उभे राहायचे आणि परत जायचे. मी काय करावं, हे मला दुपारीच कळलं होतं. सरांना मी मनात भ्याड म्हणत होते आणि त्यांच्यासारखीच उभी होते.

साहेबांच्या हातात संत्रा बर्फीचा खोका होता. मागे पराते.

"घ्या, तोंड गोड करा. शेवटी झालं एकदाचं." त्यांनी खोका माझ्या टेबलावर उघडून ठेवला आणि करुणाकडे बघितलं. "काय गं पोरी, एवढा घाम काहून?"

"प्रॅक्टिस झाली साहेब," सर पटकन म्हणाले.

"शाबास. सर, खरं सांगू, मलाही ही पाहिजे होती. हिचे रिबाउंड पाहिले मी, उसळून आलेला चेंडू सोडत नाही. पण हात बांधलेले आहेत. पराते म्हणून राहिले की साध्या श्रेणीत बसते?"

"बसते साहेब," पराते म्हणाले.

"मंग उत्तम. करा उभी."

करुणा भिंतीपासून सुटी झाली आणि चालत मापापाशी गेली. पाच-सहा पावलांचंच अंतर. तिने उजवा पाय जरा जास्त उंच उचलून टाकला, पाऊल घासू नये म्हणून. साहेब बर्फीच्या खोक्यावरचा कागद बाजूला करत होते. सरांनी पाहिलं. मीही.

ती मापाला पाठ लावून उभी राहिली. मी खाली वाकले आणि टाचांखाली पट्टी सरकवून पाहिली. गेली नाही. गुडघ्यांच्या वाट्या घट्ट वर ओढलेल्या होत्या. ती जेवढी ताठ उभी राहू शकत होती तेवढी ताठ उभी होती. खांदे मागे, हनुवटी सरळ. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी लाकडी पट्टी तिच्या डोक्यावर टेकवली. एकशे ब्याऐंशी पूर्णांक सात.

तिने आकडा विचारला नाही. पट्टी कुठे थांबली, ते तिला माझ्या हातावरून समजलं असावं. तिच्या तोंडातून लहानसा श्वास सुटला. भिंतीकडे बघतच ती हसली.

"किती?" साहेबांनी विचारलं.

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. सरांनी डोळे मिटले होते.

मी लाकडी पट्टी वर सरकवली.

"साहेब, हे माप मी धरत नाही."

"काहून?"

"ती रात्रभर उभी आहे. दिवसभर ओझं वाहिलंय तिने. ही तिची उंची नाही."

"नियमात वेळ लिहिलेली नाही, मॅडम," पराते घाईने म्हणाले. "तुम्हीच सांगितलं."

"हो. म्हणून मी अर्ध्या तासाने मोजेन. तोपर्यंत तिला इथे विश्रांती देणार आहे."

"घ्या नं मंग अर्धा तास, मला कुठं घाई आहे," साहेब म्हणाले. मग त्यांनी सरांचा चेहरा पाहिला आणि बर्फीवरचा हात मागे घेतला. "अर्ध्या तासाने बसणार नाही का ती?"

"डॉक्टर," सर म्हणाले. आवाज अगदी खाली होता. "लिहिणार काय?"

"उंची. फक्त उंची लिहीन."

त्यांना समजलं: ती उंचीमुळे बाहेर राहील, कागदावर पाठ किंवा शीर येणार नाही. त्यांनी मान खाली घातली आणि तशीच ठेवली.

करुणा अजून मापापाशीच उभी होती. डोक्यावर आता काही नव्हतं, तरी ती हलली नव्हती. "मॅडम," ती म्हणाली. "मॅडम जी, नको." ती रडत नव्हती. डावा हात मागे नेऊन तिने मापाचा खांब धरला होता. त्यानंतर ती माझ्याशी कधीच बोलली नाही. तिचा अंगठा पूर्ण बरा झाला का, आणि पुढच्या कुठल्या वर्षी रेल्वेने तिला बोलावलं का, हे मला कुणी सांगितलं नाही.

मी तपासणीच्या टेबलापाशी गेले. दुपारी सरळ केलेली चादर अजून तशीच होती. स्टूल जागेवर होतं. मी टेबलाच्या कडेवर हात ठेवला.

"करुणा," मी म्हणाले, "झोप."